पश्चिमेचे झाप

१२ मे १९५७, रविवार

बरुआसागरला आज आमची मालगाडी लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, पडून राहिली, त्याचा फायदा घेतला. तळ्याकाठच्या बागेतला माळी आता ओळखीचा झाला आहे. त्याने खजुरीच्या झावळ्या तोडून ठेवल्या होत्या, त्या माझ्या ब्रेकव्हॅनमध्ये भरून झाशीला आणल्या. स्टेशनवर तिकीट कलेक्टर म्हणाला, "गार्डसाब, फिर से झाड़ू का धंधा?" दरवर्षी हेच विचारतो आणि दरवर्षी हसतो.

खजुरीची झावळी म्हणजे काही माडाची नव्हे. पाती तोकडी, टोकाला काटा, विणताना बोटांची चाळण होते. पण झाशीत माड कुठून आणू? आमच्या गावी, देवगडजवळ, मे महिन्यात घरोघरी हेच काम. झावळ्या खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजत घालायच्या म्हणजे कीड लागत नाही, मग त्यांचे झाप विणायचे आणि पाऊस लागायच्या आत घराच्या पश्चिम बाजूला बाहेरून बांधायचे. समुद्रावरून झड येते ती भिंतीवर न बसता झापांवर बसते. ज्या घराला झाप नाहीत त्याची भिंत दोन पावसाळे टिकली तर नशीब. इथे खाडी नाही, म्हणून मी न्हाणीतल्या मोठ्या टबात मीठ विरघळवून झावळ्या भिजवतो.

भानूने टबात डोकावून पाहिले. "कैरीचं लोणचं राहिलं बाजूला, फांद्यांचं आधी घातलंत."

मी म्हटले, "तुम्हा झाशीवाल्यांना पावसाची किंमत नाही. चार थेंब पडले की तुम्ही म्हणता बरसात."

ती हसली, मग खोकली आणि चौकट धरून थोडी उभी राहिली. रेल्वे हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितले आहे, हृदयाची झडप अधू आहे, वाकायचे नाही, उचलायचे नाही. ती ऐकते म्हणते. माझी ड्यूटी लाइनवर, दोन दोन दिवस घरी नसतो, तेव्हा काय ऐकते देव जाणे.

२१ मे, मंगळवार

झाप विणायला बसलो. भानूला म्हटले, तू नुसते टोक धर, श्रम काही नाहीत. ती टोक धरते तेव्हा उजव्या हाताची करंगळी वेगळीच उभी राहते. लहानपणी माहेरच्या दिंडीदरवाजात चेंगरली होती, तेव्हापासून ती वाकत नाही. कुंकू लावताना, कणीक तिंबताना, कशातच ती बाकीच्या बोटांत येत नाही. मी लग्नापासून म्हणत आलो आहे की तुझी करंगळी अजून सासरी नांदायला आलेली नाही. आजही म्हटले. तिचे उत्तरही ठरलेले आहे, "तिला माहेर जवळ आहे, येईल सावकाश."

संध्याकाळी श्रीकृष्ण आला. भानूचा धाकटा भाऊ, सदर बाजारात घड्याळे दुरुस्त करतो. ही मंडळी झाशीला आली पेशव्यांच्या काळात, म्हणून त्यांचे मराठीही तेव्हाचेच, आणि मधूनमधून हिंदीची ठिगळे.

"जीजाजी, एक बोलू? राग नका मानू. इकडं पाणी पुरवाईनं येतं. पूरबेकडून. हे झाप पछीतीला बांधा ना, मागच्या भिंतीला. इकडं पश्चिमेला काय उपयोग?"

मी म्हटले, "श्रीकृष्णा, समुद्र कुठे आहे?"

"समुद्र?"

"पश्चिमेला. आणि पाऊस कुठून येतो? समुद्रातून. घड्याळातलं तू सांग, पावसातलं मला ठाऊक आहे."

तो आणखी काही बोलणार होता, पण भानू म्हणाली, "श्रीकृष्णा, चहा निवतोय." त्याने कप उचलला. बहिणीचा धाक आहे अजून.

आमचे हे घर सीपरी बाजारच्या मागे, चार वर्षांपूर्वी बांधले. जागा सासऱ्यांची. सिमेंट परमिटवर, ते जोत्यापुरतेच मिळाले. वर भाजक्या विटा मातीत रचल्या आणि बाहेरून मातीचाच गिलावा. घर बांधले त्याच वर्षी गावाहून कळले, चुलत्यांनी दोन वर्षे झाप बांधले नव्हते आणि आमच्या मूळ घराची पश्चिमेची भिंत बसली. पुढे छप्पर आले. आता तिथे नुसता चौथरा आहे. ते कळल्यावर मी दोन दिवस जेवलो नव्हतो. त्याच मे महिन्यात इथल्या घराला पहिले झाप बांधले. चार पावसाळे झाले, भिंतीला पोपडा नाही. श्रीकृष्णाने हे बघावे आणि मग बोलावे.

२९ मे, बुधवार

झाप बांधून झाले. पश्चिमेची पडवी पुरी झाकली गेली. आत मिठाचा, ओल्या पातीचा वास येतो. दुपारी तिथे बसलो की लू सुद्धा लागत नाही.

काल बीनाहून परतलो तर भर दुपारी भानू निजलेली. चेहरा लाल, श्वास वर वर. नखांत माती. मोरीपाशी रामकली हात धूत होती, शेजारच्या गल्लीतली, माती वाहून आणायचे काम करते. मला पाहून टोपली उचलून निघाली. भानूला विचारले, काय चालले होते? म्हणाली, तुळशीचे रोप लावत होते मागे. मी चिडलो. वाकायचे नाही म्हणून सांगितले आहे ना? म्हणाली, आता नाही वाकणार. रोप कुठे आहे विचारले तर म्हणाली, बकरीने खाल्ले.

एवढा जीव काढून रोप लावायचे आणि ते बकरीला घालायचे. मी मागे जाऊन बघायच्या फंदात पडलो नाही. मागचे अंगण म्हणजे धुणे, भांडी, बायकांची जागा, आणि शेजाऱ्याची भिंत इतकी जवळ की उभे राहायलाही जड.

२ जुलै, मंगळवार

काल चांगला जोर होता, इथल्या मानाने. सकाळी मी माझी तपासणी केली. दरवर्षी पहिला जोर ओसरला की घरभर फिरून भिंतींना आतून तळवा लावून बघतो. पश्चिमेची कोरडी. उत्तर, दक्षिण कोरडी. मग पूर्वेची, भानूच्या खोलीतली. तीही कोरडी ठणठणीत.

मी म्हटले, "बघ."

भानू पलंगावरून म्हणाली, "तुमच्या झापांची कमाल."

बकुळ दारात उभी होती. आमची एकुलती एक, एकोणिसावे लागले, इंटरला आहे. आईकडे बघून काहीशी हसली. मुलीला बापाच्या या खुळाचे हसू येते, येऊ दे. मराठी तिला सगळे कळते, बोलते मात्र हिंदीत. तिला काय ठाऊक, भिंत जाते म्हणजे काय जाते.

१९ जुलै, शुक्रवार

भानूचे पाय सुजले आहेत. बोट दाबले की खळगा राहतो. डॉक्टर म्हणाले, मीठ बंद, अंथरुणातच राहायचे. हॉस्पिटलात ठेवू का विचारले तर म्हणाले, सध्या घरीच राहू दे, तिथे मन रमेल.

आज ड्यूटी नव्हती. तिला पश्चिमेच्या पडवीत आरामखुर्चीवर बसवले. मग एकदम म्हणाली, "समुद्र खरंच केवढा असतो हो?"

वीस वर्षे झाली लग्नाला. तिने समुद्र पाहिलेला नाही. दरवर्षी म्हणतो पास काढू, आणि दरवर्षी काही ना काही निघते. गाव सुटले, घर बसले, मग जायचे कुणाकडे, हेही एक. मी सांगितले, दिवाळीत जाऊ. कोल्हापूरपर्यंत पास, पुढे एसटी. देवगडच्या किल्ल्यावरून दाखवतो तुला, जिकडे बघशील तिकडे पाणी.

म्हणाली, "मला इथं बसलं की वास येतो त्याचा. खारट." आणि झापाला हात लावला. तीन बोटे टेकली, करंगळी बाहेर.

उठून उगाच झापाची एक दोरी आवळली.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडाभर पाऊस थांबत नव्हता, मी सगळा काळ लाइनवर. परवापासून उघडीप. आज सकाळी घरी आलो तर भानू मागच्या दारात पाटावर बसलेली, भिंतीला टेकून, ओठ निळसर, लुगड्याचा काठ चिखलाने भरलेला. बकुळ शेजारी उभी राहून रडत होती.

मला संताप आला. बकुळला म्हटले, "आजारी आईला काम लावतेस? शरम नाही वाटत?"

"मैंने कुछ नहीं करवाया, बाबा."

"मग ही अंथरुणातून उठून इथे कशी आली?"

बकुळने आईकडे पाहिले. भानू म्हणाली, "तिला नका बोलू. ऊन पडलं होतं, जरा बसावंसं वाटलं. ओल्यावर बसले, एवढंच." एवढे बोलायला तिला तीनदा थांबावे लागले.

मी तिला उचलून आत नेले. काही वजन राहिलेले नाही. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. सायंकाळी तिला बरे वाटले, तेव्हा तिला हसवावे म्हणून तिच्या उशाशी भिंतीला तळवा लावला आणि म्हटले, "एवढा आठवडाभर कोसळला, बघ."

"तुमच्या झापांची कमाल," म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

बकुळ माझ्याशी बोलत नाही. मी जास्त बोललो तिला. उद्या समजूत घालीन.

६ सप्टेंबर, शुक्रवार

भानू गेली.

मी ललितपूरला होतो. कंट्रोलचा निरोप स्टेशनमास्तरांनी स्वतः येऊन सांगितला. बदली गार्ड नव्हता, माझीच गाडी घेऊन मी आलो. हिरवा झेंडा मीच दाखवला. घरी पोचलो तेव्हा श्रीकृष्णाने सगळी तयारी केलेली होती.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली म्हणतात. देवगडला जायचा पास मी ऑगस्टमध्येच काढून ठेवला होता. कपाटात आहे. त्यावर पत्नी असे लिहिलेले आहे. आज ऑफिसात परत द्यायला निघालो आणि फाटकापासून परतलो.

श्रीकृष्ण रोज येतो. बसतो, घड्याळाला चावी देतो, जातो. बकुळ स्वयंपाक करते. तिच्या हातचे वरण अगदी भानूसारखे होते, म्हणून मला ते गिळवत नाही. पोरीला हे सांगता येत नाही, आणि ती समजते मला आवडत नाही. घरात दोन माणसे आहोत आणि एकमेकांना चुकवत फिरतो.

१८ मे १९५८, रविवार

यंदा झाप बांधायचे मनात नव्हते. पण बरुआसागरच्या माळ्याने झावळ्या तोडूनच ठेवल्या होत्या. नाही म्हणता आले नाही. टबात मीठ घातले. लोणच्याचे कुणी बोलले नाही.

बकुळने टोक धरले. पोरीची बोटे आईसारखी लांब आहेत, पण पाचही सरळ. मी दोनदा हातातले काम थांबवले. ती म्हणाली, "बाबा, रहने दीजिए. इस साल मत बाँधिए."

"आणि भिंत?"

तिने मागच्या दाराकडे पाहिले. मग मान खाली घातली.

तेवढ्यात रामकली दारात आली. "बाबूजी, माटी डार दें?"

"कसली माटी? काही नको."

"बरसात आ रई, बाबूजी."

"म्हणूनच झाप विणतोय. दिसत नाही?"

ती बकुळकडे बघत राहिली. बकुळने नकारार्थी मान हलवली आणि ती टोपली डोक्यावर ठेवून गेली. या बाईला रोज काही ना काही काम उकरून काढायचे असते. भानूने लाडावून ठेवलेली.

१ जून, रविवार

झाप बांधले, पश्चिमेला. नीट झाले नाहीत. दोन जागी फटी राहिल्या. पुन्हा सोडून बांधायचा हुरूप नाही.

८ जुलै, मंगळवार

आज जे झाले ते लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

काल दिवसभर पाऊस होता. आज सकाळी थांबला. सवयीने उठलो, भिंतींना तळवा लावत निघालो. पश्चिम कोरडी. तिच्या खोलीत मी फारसा जात नाही, पण गेलो. पलंग तसाच आहे. पूर्वेच्या भिंतीला हात लावला आणि हात ओला झाला. वरून खालपर्यंत डाग उतरलेला. एका जागी पांढरा खारही धरलेला, बोट लावले तर आतली माती ओल्या पिठासारखी निघाली.

मला काही समजेना. पाच वर्षे ही भिंत टिकली, गेल्या वर्षी तर आठवडाभराच्या पावसात टिकली. मागच्या दाराने बाहेर गेलो. तिची धुण्याची तार तिथे आहे, म्हणून मी दहा महिने तो दरवाजा उघडला नव्हता.

पूर्वेच्या भिंतीचा वरचा गिलावा ठिकठिकाणी धुऊन गेलेला आहे, विटा उघड्या पडल्या आहेत. पाणी सगळे याच बाजूने आले होते. शेजाऱ्याच्या भिंतीची आमच्याकडची बाजू कोरडी होती आणि आमची भिंत भिजलेली. एवढे बघायला मला पाच वर्षे लागली.

पण खालचा भाग, जमिनीपासून कमरेइतका, अजून शाबूत आहे. तिथे शेण आणि भुसा घातलेल्या मातीने लिंपलेले आहे, जाड, मन लावून. वर लिंपलेले मोठ्या हाताचे आहे, चार बोटांचे फराटे. खाली बसून लिंपलेले आहे. खालच्या प्रत्येक फराट्यात तीनच रेघा आहेत. एकही चौथी नाही.

मी तिथेच चिखलात बसलो. बकुळ आली आणि शेजारी बसली.

मी विचारले, "दरवर्षी?"

"हर साल. आप ड्यूटी पे जाते, तो आई और रामकली. बरसात से पहले एक बार, और बीच में धूप निकलती तो फिर एक बार."

"मला का नाही सांगितलं?"

"मामा ने पहले साल ही कहा था, आपको बता दो. आई ने मना कर दिया." मग ती मराठीत बोलली, अडखळत, आईचेच शब्द असल्यासारखे. "आई म्हणाली, त्यांचा समुद्र सुटला, घर बसलं. एवढं तरी त्यांचं राहू दे."

मी पुढचे विचारू नये असे ठरवले होते, तरी विचारले. "गेल्या वर्षी, उघडीप पडली तेव्हा. मी तुला बोललो, त्या दिवशी."

बकुळने भिंतीकडे बोट दाखवले. "उस दिन यही किया था. खड़ी नहीं हो पा रही थीं, तो ऊपर रामकली ने किया, नीचे आई ने पाट पे बैठ के. मैंने बहुत रोका, बाबा. मुझे कसम दे रखी थी."

आणि मी त्या पोरीला शरम नाही म्हणालो होतो. आज तिची माफी मागितली. ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून खूप रडली. मीही.

मी डॉक्टरांकडे जायला निघालो होतो. विचारणार होतो, त्या दिवशी ती उठली नसती, वाकली नसती, तर किती राहिली असती? फाटकापर्यंत गेलो. जे उत्तर येईल ते घेऊन घरात कुठे ठेवू? परत आलो.

मला माझाच राग येतो आहे. "बघ" म्हणत होतो तिला. पाच पावसाळे तिच्याच हाताच्या भिंतीवर तळवा ठेवून तिलाच म्हणत होतो, बघ. आणि ती माझे कौतुक करत होती.

९ जुलै, बुधवार

श्रीकृष्ण रामकलीला घेऊन आला. बकुळने बोलावले होते. ड्यूटीवर कळवून सुट्टी घेतली आहे.

रामकलीने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. म्हणाली, "पूरी लीपनें परहै, बाबूजी. नईं तौ ई बरसात में बैठ जैहै." तिने घमेल्यात माती कालवायला घेतली.

वरच्या भागाला मी हो म्हटले. तिने वरचा भाग भरला, चांगला भरला. खाली आली, हात मातीत घातला आणि त्या रेघांवर ठेवणार, तेवढ्यात मी तिचे मनगट धरले. परक्या बाईचे मनगट धरले, लक्षातही आले नाही.

"इथे नको."

"बाबूजी, सबसें जादा तौ नीचेंई लगत है. पानी तौ पुरबाई सें आउत. बाईसाब जानत तीं."

"ठाऊक आहे. तरी नको."

श्रीकृष्ण समजुतीच्या स्वरात म्हणाला, "जीजाजी, ताईनं भिंत राहावी म्हणून केलं होतं. ही रेघ राहावी म्हणून नाही. उद्या भिंत बसली तर रेघही जाईल ना?"

तो म्हणतो ते खरे आहे. लिंपले तर भिंत वाचेल आणि तिचा हात मातीखाली जाईल. न लिंपले तर पाऊस दोन्ही नेईल. मी तिथे उभा राहून दोन्ही बाजूंनी विचार केला आणि मला कुठल्याही बाजूने हो म्हणवेना. रामकली बिचारी माती सुकू नये म्हणून पाणी शिंपडत थांबून राहिली. शेवटी तिला म्हटले, आज राहू दे.

त्यावर ती म्हणाली, "हमें सोई बुरओ लगत, बाबूजी," आणि हात धुवायला गेली. तिलाही वाईट वाटते आहे, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. पाच वर्षे या दोघी इथे बसून बोलत असतील. काय बोलत असतील ते तिला ठाऊक आहे, मला नाही.

पूर्वेला ढग भरून आले आहेत.

१० जुलै, गुरुवार

पहाट फुटताच उठलो आणि पश्चिमेचे झाप सोडायला लागलो. बकुळ जागी झाली, बाहेर आली, काही न विचारता दुसरी दोरी सोडायला लागली. पश्चिमेची पडवी पाच वर्षांत पहिल्यांदा उघडी झाली. आता दुपारी तिथे ऊन येईल.

मागचे अंगण अरुंद. झाप आडवे करून न्यावे लागले, काट्यांनी दोघांचे हात सोलले. श्रीकृष्ण दुकान उघडायला चालला होता तो वाटेत आला आणि कोट काढून शिडीवर चढला. "इकडं खेचा, जीजाजी. ढील नका देऊ," सांगत होता. पाच वर्षांपूर्वी ऐकले असते तर हेच काम तेव्हा केले असते, हे तो बोलला नाही. मीच बोललो. तो म्हणाला, "दोरी धरा."

वासे वळचणीला बांधून झाप भिंतीपासून हातभर सोडून लावले, आत वारा खेळता राहावा म्हणून. आमच्या गावी असेच लावतात. भिंतीला चिकटवले तर ओल आत कोंडते. खालचा झाप सगळ्यात घट्ट विणलेला घेतला, दोन फटींचा वर. शेवटची गाठ मारण्याआधी आत वाकून पुन्हा एकदा पाहिले. एका रेघेवर माझी तीन बोटे ठेवून बघणार होतो. झिजेल म्हणून ठेवली नाहीत.

सरी दुपारनंतर आल्या. पूर्वेकडूनच आल्या. मी आणि बकुळ मागच्या दारात उभे राहून बघत होतो. झड तिरकी येऊन झापांवर बसत होती, पाती फडफडत होती, मिठाचे पाणी गळत होते. हा आवाज मी लहानपणी आमच्या घरात ऐकला आहे. झाशीत पहिल्यांदाच ऐकला, कारण झापांवर पाऊस झाशीत पहिल्यांदाच पडला.

हे झाप एक वर्ष टिकतील. पुढच्या मेमध्ये पुन्हा. त्या वेळी बदलताना चार दिवस भिंत उघडी राहील, तेवढ्यात वळीव आला तर काय, हा विचार आत्तापासून येतो. मातीच आहे, कधीतरी जाणार. मी असेपर्यंत नको.

पाऊस थांबल्यावर तिच्या खोलीत गेलो. डाग अजून आहे, तो वाळायला वेळ लागेल. पण त्याच्या खाली, तिच्या उशाशी, तळवा लावला. हाताला नवे पाणी लागले नाही.

"बघ," मी म्हणालो.

बकुळ दाराशी होती, तिने ऐकले. आईचे वाक्य तिलाही पाठ आहे. ती ते म्हणाली नाही, बरे केले. थोडा वेळ मी हात तसाच ठेवून उभा राहिलो, मग ती म्हणाली, "बाबा, खाना लगा दूँ?" मी हो म्हटले. आज वरण होते.